फुकट घर कोणाला म्हणताय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकपत्रांमधे दादरच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं, शिक्षकांच्या सुट्ट्यांवर. सुट्ट्यांचं जाऊ दे, ते आम्ही ऐकतच आलोय, दिवाळीत कुठल्याही नातेवाईकाकडे गेलो की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत 'तुमचं काय बाबा, मजा आहे' येतंच. पण त्यांनी पुढे एक ओळ टाकली होती की निवासी शाळेतल्या शिक्षकांची तर चांदीच, मुंबईसारख्या शहरात राहायला फुकट घर आणि वर मेसचं जेवण. ती ओळ माझ्या बायकोने मोठ्याने वाचून दाखवली आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना. म्हणलं आता उत्तर लिहायलाच पाहिजे.

मी पश्चिम उपनगरातल्या एका ट्रस्टच्या निवासी शाळेत आहे, नाव लिहीत नाही, नोकरीची अजून ६ वर्षं बाकी आहेत. २००३ ला शिक्षणसेवक म्हणून लागलो. आठवी ते दहावी भूगोल शिकवतो, पीटीचा सर मीच, खो-खोचा कोच मीच आणि होस्टेलचा रेक्टर पण मीच. होस्टेलची शाळा म्हणलं की लोकांना पाचगणी-देवळालीचं टाय-ब्लेझरवालं काहीतरी डोळ्यासमोर येतं, तसलं नाही हो. आमच्याकडे ६४ मुलगे आहेत, निम्मे जव्हार-मोखाडा साइडचे, आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारे, काही कोकणातले, दोघातिघांचे वडील बोटीवर, आणि काही चक्क मुंबईतलेच, ज्यांच्या घरी दहा बाय दहात सहा माणसं राहतात किंवा बापाची दारू आहे म्हणून आईच येऊन सांगते, सर ठेवून घ्या याला.

तर आता ते फुकट घर. दोन खोल्या आणि दार थेट डॉर्मिटरीच्या पॅसेजमधे उघडतं. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे सातवीतला कोण झोपेत बडबडतो ते आम्हाला नावानिशी माहीत. संडास २०११ पर्यंत मुलांच्याच लाइनीत होता, मग आम्ही आमच्या पैशाने आतल्या बाजूला करून घेतला, ट्रस्टने परवानगी दिली, एवढंच त्यांचं योगदान. क्वार्टर आहे म्हणून घरभाडे भत्ता मिळत नाही, आणि मुंबईत तो भत्ता म्हणजे मूळ पगाराच्या पाव हिश्शाच्या आसपास जातो, म्हणजे मी २२ वर्षं भाडं भरतोच आहे की, फक्त पावती मिळत नाही. आणि रेक्टर म्हणून मानधन महिन्याला दोन हजार रुपये. रात्री साडेनऊ ते सकाळी पाच, महिन्याच्या तिसही रात्री. भागाकार तुम्हीच करा, मी भूगोलाचा सर आहे.

आमच्या मंजूर पदांमधे रेक्टर नावाचं पदच नाही, ते 'बघून घ्या सर' या खात्यातलं काम आहे. सरकारी आश्रमशाळेत निदान कागदावर तरी अधीक्षक, अधीक्षिका अशी वेगळी पदं असतात, तिथे कशी भरली जातात न जातात तो भाग वेगळा. आमच्यासारख्या ट्रस्टच्या होस्टेलात ज्याला मैदानाची आवड त्याच्याच गळ्यात हे पडतं, कारण तो तसाही पहाटे उठतोच.

उठतो खरा. सव्वापाचला शिट्टी. साडेपाचला पोरं मैदानात, आधी दोघंतिघं झाडू मारून खडे वेचतात, पाणी मारतात, मग दोन पोल सरळ आहेत का बघायचे. आमचं मातीचं मैदान, आणि आता मोठ्या मॅचेस मॅटवर होतात, त्यामुळे माझी पोरं मॅटवर गेली की पहिली दोन मिनिटं नुसती घसरतात, आणि मॅटवाल्या शाळांची पोरं मातीत आली की डाइव्ह मारायला घाबरतात. मातीत पोल डाइव्ह मारला की कोपर सोलवटणारच. साडेसातपर्यंत प्रॅक्टिस, मग आंघोळी, नाश्ता, आणि मी आठवीच्या वर्गात मान्सून शिकवायला उभा, शिट्टी गळ्यातच राहिलेली असते कधीकधी. संध्याकाळी परत दीड तास. मग अभ्यासिका, जेवण, हजेरी, साडेनऊला लाइट. इथपर्यंतचं सगळं मी आवडीने करतो, त्याबद्दल एक अक्षर तक्रार नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारताने जिंकले, दोन्ही फायनल नेपाळशी, आणि दोन्ही कॅप्टन आपल्या मराठी मातीतले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. रविवार होता, मेसमधे चादर लावून प्रोजेक्टरवर दाखवली मॅच, भाकऱ्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला शिट्टी मारायची वेळच आली नाही, पोरं आधीच खाली. एकाने विचारलं, सर याच्यात पगार असतो का? मी म्हणलं आधी पाठीला हात लावून मग खो म्हणायला शीक, अजून तू आधी ओरडतोस.

दिवस असा जातो. ते वाचक ज्याला फुकट म्हणतात ती रात्र असते.

जून महिना सगळ्यात वाईट. शाळा उघडते, पाचवीची नवीन पोरं येतात, पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि पहिला आठवडा कोणीच झोपत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, अडीच वाजता नळाचा आवाज यायला लागला. नळ चालू राहिला की टाकी रिकामी होते आणि सकाळी ६४ जणांची बोंब, म्हणून मी उठलो. बघतो तर मोखाड्याकडचा एक पाचवीतला पोरगा, अंधारातच, बाथरूमच्या फरशीवर चादर पसरून कपड्याच्या साबणाने घासतोय. लाइट मुद्दाम लावलेली नाही. अंगात नुसता बनियन, चड्डी पण धुवून नळावर टाकलेली. मी दारातच थांबलो. आता मी बोललो असतो तर तो मेला असता लाजेने, आणि नाही बोललो तर ओल्या गादीवर कुडकुडत बसला असता. मग मी चार पावलं मागे गेलो, मुद्दाम खोकलो, चपला वाजवत घरात गेलो, आमच्या पलंगाखालची एक चादर आणि टॉवेल काढला आणि त्याच्या पलंगावर ठेवून आलो, गादी उलटी केली. सकाळी तोही काही बोलला नाही, मीही नाही. तेव्हापासून पॅसेजमधल्या कपाटात सहा चादरी कायम असतात, कपाटाला कुलूप नाही. बायकोच्या जुन्या चादरी आहेत, एकीवर तर आमच्या लग्नाच्या आहेरातले मोर आहेत. कोण कधी घेतं ते आम्ही विचारत नाही, धुतलेल्या परत आलेल्या असतात.

तो मुलगा खो-खोत बरा होता, दोन-अडीच मिनिटं आरामात पळायचा. आठवीत दिवाळीला घरी गेला तो आलाच नाही. भिवंडीकडे भट्टीवर गेले सगळे. मी दोनदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा भेटला, विटा रचत होता, म्हणाला येतो सर पुढच्या वर्षी.

हे सगळं ड्युटी रजिस्टरमधे 'रात्र शांततेत पार पडली' असं लिहिलं जातं. मीच लिहितो.

बायकोचं तर नावही कुठल्या रजिस्टरमधे नाही. ताप आला की काकू, बटण तुटलं की काकू, ज्याला भूक लागली आणि मेस बंद झाली त्याला पण काकूच. २००५ च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं आणि जुलैत २६ तारीख आली. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या चोवीस तासात, हा आकडा मी आता वर्गात शिकवतो, पण तेव्हा एवढंच दिसत होतं की मैदानावरचे खो-खोचे पोल अर्धे पाण्यात गेलेत आणि शाळेत होस्टेलची नव्हे, घरी जाणारी पावणेदोनशे पोरं अडकलीत. फोन बंद, लाइट नाही. मेसचा आचारी घरी जायला निघाला तो वाटेतच अडकला. बायकोला सासरी येऊन अडीच महिने झाले होते, आयुष्यात आठ माणसांच्या वर स्वयंपाक केलेला नाही, तिने मेसच्या मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली, मेणबत्तीच्या उजेडात, मीठ दोनदा पडलं. कोणी काही बोललं नाही, सगळी संपली. काही पालक रात्री दोन-तीन वाजता छातीभर पाण्यातून चालत आले, बाकीचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येतच होते. १५ ऑगस्टला ट्रस्टने मला शाल-श्रीफळ दिलं. मला. बायको समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

कोच म्हणून बाहेर नेणं हा वेगळाच प्रकार. १२ पोरं, किट, पाण्याचे कॅन, आणि लोकल. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या) स्पर्धा असोत नाहीतर शिवाजी पार्कच्या मॅचेस, सकाळी जाताना काही वाटत नाही, येताना संध्याकाळी दादरला जो लोंढा असतो त्यात १२ जणांना एका डब्यात चढवणं हे कोचिंगच्या कुठल्याच कोर्समधे शिकवत नाहीत. आमचा नियम आहे, प्रत्येकाला नंबर, चढलं की १ ते १२ ओरडायचं. आणि जो सुटला त्याने मिळेल त्या स्टेशनवर उतरून इंडिकेटरखाली उभं राहायचं, मी येईपर्यंत हलायचं नाही. २०१४ ला काय झालं, आम्ही स्लोसाठी उभे, मागून गर्दीचा रेटा आला आणि ७ नंबर फास्टच्या बाजूला गेला आणि उचलला जाऊन सरळ विरार फास्टमधे. माझ्या डोळ्यासमोर. मी ओरडतोय आणि गाडी चालली. बाकी अकरा जण घेऊन मी पुढच्या गाडीने आधी अंधेरीला उतरलो, तिथे नाही, मग परत गाडी, बोरिवली. तासभर झाला होता. बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरच्या बरोब्बर खाली उभा होता, दप्तर पोटाशी धरून, एका बाईंनी घेऊन दिलेला वडापाव हातात तसाच. मला बघून रडेल असं वाटलं तर म्हणतो, 'सर, तुम्ही हलायचं नाही म्हणला होता, मला सू लागलीय कधीची.' त्या रात्री मी ट्रस्टींना फोन करून सांगितलं तर पहिला प्रश्न आला की पालकांना कळलं नाही ना. दुसरा प्रश्न आलाच नाही. सोबत दुसरा शिक्षक द्या हे मी तेव्हापासून दरवर्षी लिहून देतोय.

आता सुरक्षेचं. २०२४ च्या ऑगस्टमधे बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण झालं आणि सगळीकडे धावपळ झाली, सीसीटीव्ही, पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीच्या मीटिंगा. हे सगळं व्हायलाच पाहिजे, उशिरा झालं असंच मी म्हणेन, आणि कोणी माझ्यावर पण नजर ठेवली तर मला राग नाही, मी स्वतःच रात्री डॉर्ममधे जाताना वॉचमनकाकांना बरोबर घेतो आणि दार उघडं ठेवतो. पण आमच्याकडे झालं काय, व्हरांड्यात चार कॅमेरे बसले आणि त्याचा टीव्ही आणून ठेवला माझ्या पुढच्या खोलीत. म्हणजे रात्री कॅमेरे बघायचे कोणी, तर मीच, जो सव्वापाचपासून उभा आहे, सहा तास घेऊन आलाय आणि ज्याला सकाळी परत शिट्टी मारायचीय. ५२ वर्षाचा माणूस किती वाजेपर्यंत डोळे उघडे ठेवेल? मागच्या महिन्यात मी खुर्चीत झोपलो आणि पावणेचारला दचकून उठलो, स्क्रीनवर एक पोरगा जिन्यात एकटा बसलेला, टाइम बघितला तर पन्नास मिनिटं तिथेच. काही नव्हतं, दाढ दुखत होती बिचाऱ्याची. पण ती पन्नास मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. मला उठवायला का नाही आलास म्हणलं, तर म्हणे 'तुम्ही झोपला होतात ना सर.'

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, ते ट्रस्टवाल्यांनी, शिक्षण खात्याने आणि तुम्हा वाचकांनी पण ऐकावं. रात्र हे काम आहे, ते कामात धरा. ज्याने दिवसा शिकवलं आणि पहाटे-संध्याकाळ मैदानावर घालवली तोच माणूस रात्रीचा राखणदार नको, वेगळा माणूस नेमा, त्याला पूर्ण पगार द्या, आणि आठवड्यातून एक रात्र त्यालाही सुट्टी द्या. यात सेवा-बिवा काही नाही, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता खरं सांगायचं तर हे लिहिताना मला स्वतःलाच कसंतरी होतंय. कारण मला पोरं जी कळली ती रात्रीच. मैदानात सगळे वाघ असतात, वर्गात सगळे मुके, साडेदहानंतर पॅसेजमधे पाण्याच्या पिंपाशी घुटमळत 'सर झोपला नाहीत अजून?' म्हणून जो येतो त्याला काहीतरी सांगायचं असतं. कोणाच्या बापाने आईला मारलं, कोणाला पत्रच येत नाही, कोणाला खो-खो सोडायचाय पण मला सांगायची भीती वाटते. उद्या वेगळा रेक्टर आला तर हे सगळं तो ऐकणार आणि मी नुसता शिट्टीवाला सर राहणार. बायको म्हणते तुलाच सोडवत नाही, उगाच ट्रस्टला नावं ठेवतोस. असेलही. लॉकडाऊनमधे २०२० ला होस्टेल रिकामं झालं तर मला झोप यायची नाही, इतकी शांतता. पोरं तिकडे गावी रेंजसाठी टेकडीवर चढून भूगोल ऐकायची आणि मी इकडे रिकाम्या ६४ पलंगांच्या शेजारी बसून मोबाइलकडे बघत शिकवायचो. तरी पण, आवड आहे म्हणून फुकटात राबवायचं हे काही बरोबर नाही ना.

मुलीचं सांगायचं राहिलं. ती याच शाळेत शिकली, दिवसभर मला सर म्हणायची सवय, घरी पण तोंडात तेच. तिसरीत असताना एकदा प्रगतिपुस्तकावर सही पाहिजे होती तर ती दारात पोरांच्या लाइनीत उभी राहिली, अकराव्या नंबरला. मी पण वर न बघता सही केली. आता ती कॉलेजला आहे आणि हा किस्सा ती येईल त्याला सांगते.

आणि घर. ५८ पूर्ण झाली की क्वार्टर खाली करायचं, नियमच आहे, त्याबद्दल वाद नाही. नशिबाने मी २००३ ला लागलो म्हणून पेन्शन तरी आहे, १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्या आमच्या मित्रांना जुनी पेन्शन पण नाही. पण पेन्शनीत मुंबईत घर होत नाही. म्हाडाचा फॉर्म मी ९ वेळा भरलाय, अनामत न चुकता परत येते. क्वार्टरमधे आयुष्य काढलेल्या लोकांचं शेवटी हेच होतं, बीडीडी या जुन्या सरकारी चाळींतल्या पोलिसांनी किती वर्षं झगडून १५ लाखात घराचा निर्णय पदरात पाडून घेतला ते तुमच्याच पेपरात आलं होतं. त्यांची संख्या तरी होती. रेक्टर शाळेत एकच असतो, मोर्चा काढायचा तर मी आणि वॉचमनकाका. म्हणजे ज्या शहरात २२ वर्षं 'फुकट' राहिलो तिथून ६ वर्षांनी आम्ही कुठे वांगणी-बदलापूरला नाहीतर सरळ गावी.

१५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन असतो, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. दरवर्षी मी पोरांना गोष्ट सांगतो, १९५२ ला हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७ हजार उभे केले आणि मग ते ब्राँझ मेडल आलं. यावर्षी गोष्ट संपली तर मागून एक पाचवीतला उठला, 'सर, मी ऑलिंपिकला गेलो तर तुम्ही टाकाल का घर गहाण?' सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. म्हणलं टाकीन की रे, पण आधी घ्यायला तर पाहिजे.

दादरच्या त्या वाचकांना माझं मनापासून आमंत्रण आहे. एक रात्र येऊन माझ्या जागी राहा. जेवण मेसचं, उसळ-भाकरी, मीठ बेताचं असतं आता. उशी मी देतो, पलंग पुढच्या खोलीत कॅमेऱ्याच्या टीव्हीसमोर लावून देतो. चादर लागली तर पॅसेजमधल्या कपाटात आहे, कुलूप नाही. फक्त शुक्रवारी रात्री येऊ नका, शनिवारी पहाटे आमची मॅच आहे आणि ५ वाजून १० ची गाडी पकडायचीय.

आपला,
एक रेक्टर-कम-कोच-कम-भूगोलाचा सर, मुंबई
(नाव-पत्ता तुमच्यासाठी वेगळा पाठवलाय, कृपया छापू नये.)